त्या दिवशी मी घरीच होते

बाबांनी बैल जुंपू दिले नाहीत, म्हणून मी स्टेशनापर्यंत पायीच निघाले. आई शिवेपर्यंत आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी माझ्या हाती देत म्हणाली, "मले काही इचारू नको वं. मले काही माहीत नाही." मी तिला काही विचारलंच नव्हतं. तिलाही सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

पारू, तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. आता बाबा गेल्यावर तू लिहितेस, "ताई, राग सोड. घर तुझंच आहे." काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. गाव सोडून नागपूरला आलेल्या बाया मला विचारतात, तेव्हा मीही अर्धंच सांगते. तुला पुरतं सांगते.

नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तिच्यासमोर मला मारलं आणि मी माहेरी आले, एवढं तुला ठाऊक आहे. आपल्या जातीत काडीमोड होतो, पाटही लागतो. पंच सोडचिठ्ठी द्यायला राजी होते, नवरा नव्हता. त्याला शेतात फुकट राबणारी हवी होती. बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा, असा दावा त्यानं नागपूरच्या कोर्टात लावला.

एक दिवस भर उन्हात कोर्टाचा पट्टेवाला आपल्या अंगणात आला. घामानं पार निथळत होता. मीच त्याला तांब्याभर पाणी दिलं. "जीती रहो बेटी," तो म्हणाला. बाबा त्याला ओसरीवर घेऊन गेले आणि मी आत मिरच्यांचे देठ खुडत बसले. त्याच्या झोळीत माझ्याच नावाचं समन्स होतं. बाबांनी त्यावर सही केली, कागद ठेवून घेतला आणि मला एका अक्षरानं सांगितलं नाही.

कायदा असा आहे, की जिच्या नावाचा कागद आहे ती घरी सापडली नाही, तर तो घरातल्या जाणत्या पुरुषाच्या हाती दिला तरी तिला पोचला असं धरतात. पट्टेवाल्यानं लिहून दिलं, बाई घरी नव्हती. तारखेला नवरा हजर, मी गैरहजर. एकतर्फी हुकूम झाला.

मला ते दुसऱ्या कागदावरून कळलं. त्या दिवशी बाबा बाजाराला गेले होते, म्हणून तो माझ्या हाती पडला. हुकूम पाळला नाही तर माझ्या वस्तू जप्त होतील, असं त्यात होतं. बाबा जेवायला बसले तेव्हा मी तो त्यांच्यापुढे धरला. "नांदाले जाय," एवढंच म्हणाले आणि भात कालवत राहिले. तिसऱ्या दिवशी मी निघाले.

नागपुरात महाल भागातल्या एका बोळात खोली मिळाली, बायकांच्या दवाखान्यात आयाचं काम मिळालं. गावात मी कुणाची तरी लेक नाहीतर कुणाची तरी टाकलेली होते. इथं रजिस्टरात माझं नुसतं नाव होतं. ड्यूटी, वॉर्ड, डिलिव्हरी हे शब्द तोंडात बसले, आणि त्यांच्यासोबत अर्ज, पेशी, वकीलपत्र हेही.

सीताबर्डीचे एक म्हातारे वकील माझं काम बघायला तयार झाले. म्हणाले, "बाई, मुद्दा एकच आहे. त्या दिवशी तुम्ही घरी होता हे तुमच्या वडिलांनी सांगितलं, तर हुकूम रद्द होईल." मला हायसं वाटलं. बाबा माळकरी. खोटी शपथ घेणार नाहीत, याची मला खात्री होती.

बाबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले. शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, "समन्स आलं तेव्हा मुलगी कुठं होती?"

"घरी नव्हती. वावरात गेली होती."

माझ्यानं राहवलं नाही. "बाबा, मंग त्याले पानी कोनं देल्लं?"

जज्जसाहेबांनी मला गप्प बसवलं. पट्टेवाल्यानंही तेच सांगितलं, मान खाली घालून. अर्ज नामंजूर झाला.

कोर्टाबाहेर लिंबाखाली मी बाबांना गाठलं. "काहून केलं असं?"

"तुले वाचता येते, म्हनून," ते म्हणाले. "कागद हाती पडला असता, तं तू कोर्टात उभी राह्यली असती. सोडचिठ्ठीवाली बहीन घरात असली, तं पारूले कोन करंल?"

मला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. पुढल्या वैशाखात तुझं लग्न झालं, चांगलं घर मिळालं. यात तुझा दोष नाही. पण ते घर कशावर उभं राहिलं, हे तुला ठाऊक असावं असं मला वाटतं.

मी नांदायला गेले नाही. जप्तीत ट्रंक गेली, पाणी भरायचे दोन पितळी गुंड गेले. घरमालक म्हणाला, जिच्याकडे कोर्टाची माणसं येतात ती भाडेकरीण आपल्याला नको, म्हणून खोलीही गेली. आणखी काही नेण्यासारखं उरलं नाही, तेव्हा नवऱ्यानं पंचांपुढे सोडचिठ्ठी लिहून दिली. मग मी सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. मालक म्हणाला, भाडेचिठ्ठीवर कुणा पुरुषाचं नाव घाला. मी तीन दिवस अडून बसले आणि माझंच घालायला लावलं.

गेल्या आठवड्यात तिथं पट्टेवाला आला. नवा, तरुण माणूस. दारातून आत डोकावत म्हणाला, "घरात पुरुष कोणी आहे काय?"

"घरात मी आहे. कागद माझ्या नावाचा असंल, तं माह्या हाती दे."

त्यानं दिला. खोली खाली करण्याचा दावा होता. महायुद्धामुळे शहरात जागा मिळेनाशा झाल्यात, मालकाला माझ्यापेक्षा दुप्पट भाडं देणारं गिऱ्हाईक भेटलं आहे. मी उंबऱ्यात उभी राहून सगळा कागद वाचला, सही केली, तारीख पाहिली. ही खोलीही कदाचित जाईल. तरी पारू, मला घर म्हणावंसं वाटतं ते हिलाच, कारण माझ्या वाईटाची बातमी इथं आधी मला मिळते.

पेशी सोमवारी आहे. बाबांची तेरवीही त्याच दिवशी आहे, असं तू लिहितेस. मी कोर्टात असेन.