पसंतीक्रम एक

बारावीनंतर मला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. पुणं मी कधी पाहिलं नव्हतं, पण ते कॉलेज मोबाईलवर इतकं पाहिलं होतं, की लायब्ररीला पायऱ्या किती ते मला विचारा. वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजा गावी आमच्या घरात रेंज धरत नाही, म्हणून त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्राला मी भर उन्हात गच्चीवर, टाकीच्या सावलीला अंग चोरून बसले. मुलींच्या हॉस्टेलबद्दल प्रश्न लिहिला, तर तिथल्या मॅडमनी माझं नाव घेऊन उत्तर दिलं. नंतर दोन मेल पाठवले, त्यांचीही उत्तरं आली. पुण्यात कोणाला तरी आपलं नाव माहीत आहे, एवढ्यावर मी महिनाभर हवेत होते.

फॉर्म भरायला बाबा आणि मी तालुक्याला, मालेगावच्या नेट कॅफेत गेलो. कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची होती. मी पुणं वर सांगितलं. बाबा मागे उभे होते.

"वाशिमचं पयले टाक."

"काहून?"

"तुहे मोठे काका राह्यते तिथं. त्याईनंच सारी मायती देल्ली. मान ठेवा लागन का नाही? पत्रिकेत आपन नवरीचं नाव पयले लिवतो काय?"

आमच्याकडे पत्रिकेवर मानाची नावं वर, आणि जिचं लग्न ती खाली. मला असा संताप आला! पण मीही दीडशहाणी. म्हटलं, वरची जागा काकांना देऊ, मार्क तर आपल्याला पुण्यालाच नेणार. कॅफेवाल्याने विचारलं, "करू सबमिट?" मी हो म्हटलं. सूचनांची चार पानं होती. मॅडमचे मेल मला तोंडपाठ होते, ती पानं मात्र मी उघडलीसुद्धा नाहीत.

यादी लागली, वाशिम मिळालं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश तिथंच पक्का, सोडलं तर पुढच्या फेऱ्यांतूनही बाद, हे मला तेव्हा कळलं. पुण्याची यादी पाहिली. माझ्यापेक्षा कमी मार्कवाल्या मुली तिच्यात होत्या.

बाबांनी पेढे आणले. काकांना फोन लावून म्हणाले, "पोरीनं मान राखला तुमचा." मला कोणाशी तरी कडकडून भांडायचं होतं. पण हो तर मीच म्हटलं होतं, आणि बाबा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. घरभर माणसं होती आणि मला धड रडताही येत नव्हतं.

संध्याकाळी मॅडमचा मेल आला. यादीत तुमचं नाव दिसलं नाही, विचार बदलला का?

"कोनाचं हाय?" बाबांनी विचारलं.

"कॉलेजच्या मॅडमचं."

"मंग कळव ना त्याईले, येऊन राह्यली म्हनून." कॉलेज म्हटलं की बाबांना आता वाशिमचंच.

मी लिहिलं, हो मॅडम, बदलला. पाठवलं. बाबांनी पेढ्यांचा डबा पुढे केला, आणि मी एक उचलला.