एनॉक फ्रेझिअरची माफी

केझाया फ्रेझिअरनं नवऱ्याच्या सुटकेसाठी त्या पाच महिन्यांत जेवढे उंबरे झिजवले, तेवढे बावीस वर्षांच्या संसारात झिजवले नव्हते. दिवसभर गोऱ्यांच्या घरचे कपडे धुवायचे, साबणाच्या खारानं सोलवटलेले हात पुसायचे आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मागच्या दारी जाऊन उभं राहायचं. ओहायोत गुलामगिरी नव्हती म्हणे. पण पुढचं दार काही तिच्यासाठी उघडत नव्हतं.

तिचा नवरा एनॉक लाकडी पिंपं बनवायचा. वसंतातल्या एका रविवारी दक्षिणेतून पळून आलेला एक गुलाम त्यांच्या चर्चमध्ये लपला होता. त्याला धरायला मालकाची माणसं सरकारी अंमलदार घेऊन आली. नव्या कायद्यानं अशा वेळी आडवं येणं गुन्हा होता. एनॉक घरात बुटांना काळं लावत बसला होता. "बघतील लोक काय ते," म्हणाला. केझायानं त्याच्या हातातला बूट हिसकावला. "लोक म्हणजे कोण? जा, दारात उभा राहा. तुझ्याएवढं रुंद दुसरं कोण आहे या गावात?"

तो गेला आणि दार अडवून उभा राहिला. पळून आलेला माणूस मागच्या बाजूनं निसटून धक्क्यावर पोचला आणि सरोवरापलीकडे कॅनडाला गेला. एनॉकला वर्षाची कैद झाली. न्यायाधीशानं तीनदा विचारलं, तुला कुणी पाठवलं? त्यानं बायकोबद्दल ब्रही काढला नाही.

तुरुंगातली ओल त्याच्या छातीत शिरली. खोकल्याबरोबर रक्त पडायला लागलं. हिवाळा काही हा काढत नाही, हे केझायाला दिसत होतं, आणि त्याला तिथं आपणच धाडलंय, हेही. शेवटी रेव्हरंड व्हिटकॉम या भल्या गोऱ्या पाद्र्यानं वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज लिहून दिला. "सगळं नीट लिहिलंय," म्हणाला. तिला वाचता येत नव्हतं. भल्या माणसाला वाचून दाखवा म्हणायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं तिला वाटलं. तिनं खाली सहीऐवजी फुली मारली.

ऑक्टोबरात उत्तर आलं. तुरुंगाधिकारी पर्डीनं एनॉकला कोठडीतून बाहेर आणून बसवलं आणि केझाया, रेव्हरंड यांच्यासमोर पत्र वाचलं. सदर कैदी अडाणी असून, दुसऱ्यांच्या नादी लागून, आपण काय करतो आहोत हे न समजता त्याच्या हातून अपराध घडला, सबब राष्ट्राध्यक्ष दयाळूपणे त्याला माफी देत आहेत.

"पुन्हा वाचा, साहेब," एनॉक म्हणाला.

"पुन्हा काय वाचायचंय? मंजूर म्हणून फुली मार आणि चालता हो. तू घेतलीच नाहीस, तर माफी लागू होत नाही."

"मला सगळं समजत होतं."

"एनॉक, अर्ज लिहायची ती रीतच आहे," रेव्हरंड चाचरत म्हणाला.

"तुमच्या रीतीत गाढव मीच बरा सापडतो, रेव्हरंड!" एवढं बोलला आणि खोकत राहिला.

"मार ना फुली," केझाया म्हणाली. "घरी चल. माझ्यात आता बळ नाही रे उरलं."

"केझी, जन्मभर मी लोकांची पिंपं केली. स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम केलं. तेही यांना देऊन टाकू?"

केझाया पार थकली होती. मनात डाव वगैरे काही नव्हता, त्याला आपणच धाडल्याचं ओझं आता बाळगवत नव्हतं एवढंच. ती पर्डीकडे वळली. "साहेब, त्या कागदात एक गोष्ट खरी आहे. तो दुसऱ्याच्या नादी लागला होता. त्याला त्या दिवशी—"

"गप्प बस!" एनॉक ओरडला. बावीस वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. त्यानं लेखणी ओढून घेतली आणि फुली मारली, इतक्या जोरात की कागद फाटला.

"काय म्हणत होतीस गं?" पर्डीनं विचारलं.

"काही नाही साहेब. त्याला थंडी वाजतेय, म्हणत होते."

घरी शेजारीपाजारी जमले होते. मक्याची भाकरी आणि काकवी घेऊन चर्चमधली म्हातारी सिस्टर डॉर्कस सगळ्यात पुढं. "अगंबाई, खुद्द राष्ट्राध्यक्षांचं पत्र! काय लिहिलंय गं? रविवारी चर्चमध्ये वाचून घेऊ या की!"

एनॉकनं केझायाकडे पाहिलं.

"सोडलं, एवढंच लिहिलंय," ती म्हणाली. "वाचण्यासारखं काही नाही त्यात."

लोक गेले. एनॉक भाकरीला न शिवता पलंगावर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. केझाया त्याच्या पाठीमागे टेकली. त्याच्या हाडांवरून तिनं हात फिरवला. त्यानं तो झिडकारला नाही, पण तो वळलाही नाही.

"तू जिवंत हवा होतास मला," ती म्हणाली.

"आहे की," एनॉक म्हणाला.