बटणावरचा शब्द

आमची छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, तेव्हापासून एकच धास्ती होती. दवाखान्यांसाठी आम्ही केलेलं सॉफ्टवेअर राहणार की त्यांचं? "दोन्ही एकत्र करू," असं ते म्हणत. पण एकत्र म्हणजे काय, ते कोणीच सांगत नव्हतं.

आज सकाळी नवा स्क्रीन उघडला. रंग त्यांचा, नाव त्यांचं, मांडणीही त्यांचीच. माझी नजर खालच्या बटणावर गेली. त्यांच्याकडे तिथे 'साठवा' असायचं, आमच्याकडे 'जतन करा'. आणि तिथे चक्क 'जतन करा' होतं! एवढ्याशा शब्दात आपला किती जीव अडकलेला असतो.

त्यांच्या टीममधल्या मेधाताईंना लगेच फोन लावला. "अहो, हे कसं काय राहिलं?"

"मीच ठेवायला लावलं," त्या हसत म्हणाल्या. "साठवा म्हटलं की मला डाळीचे डबे आठवतात. पेशंटची माहिती काय डब्यात भरायची?"

"बरं झालं," मी म्हणालो, "आपल्या सॉफ्टवेअरला हाच शब्द शोभतो."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी 'आपल्या' म्हणालो होतो.