पांढरी खूण

दत्ताअण्णा कॉम्प्युटरच्या मेमरीवर हेअर ड्रायर धरून बसत. डोक्यावर मोजून चार केस, पण घरात ड्रायर दोन. बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो भांडायला.

प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा मला नाद आहे. त्याला सोबत करणारी मेमरीही दमदार लागते, आणि महागडी मला परवडत नव्हती. तिथल्याच एका मोठ्या दुकानातून स्वस्तातली घेतली. मेमरीच्या पट्टीवर पांढऱ्या पेनाने बरोबरची खूण, म्हणजे तपासलेली. मारतहळ्ळीला माझ्या घरी नेऊन लावली, तर तासाभरात मशीन गोठलं. परत दुकानात गेलो, तर मालक म्हणाले, "तो दत्ताचा घोळ. त्याला हाकललंय, त्यालाच विचारा."

अण्णांनी भिंग लावून पट्टी पाहिली. "ही खूण माझी नव्हं. मी डावखुरा हाय की ओ, माझ्या खुणेचं शेपूट डावीकडं जातंय."

मग ड्रायर सुरू केला. "बेंगळुरात हवा स्वल्प थंड, हितं सगळ्याच पट्ट्या पास होत्यात. उन्हाळा दावल्याबिगर खूण करायची न्हाई." पाच मिनिटांत माझी पट्टी नापास झाली.

निपाणीकडच्या या माणसाने पंधरा वर्षं त्या दुकानात पट्ट्या तपासल्या. त्यांच्या खुणेवर माल खपतो म्हटल्यावर मालकांनी न तपासलेल्या पट्ट्यांवरही तशीच खूण ओढली. तक्रारी आल्या तेव्हा भर दुकानात अण्णांना गिऱ्हाइकांपुढे हात जोडायला लावले आणि बाहेर काढलं. शेपटाची दिशा बघायला कोणी तयार नव्हतं. "नोकरी नगं मला," ते म्हणाले. "त्याच काउंटरवर, लोकांम्होरं, त्यानं म्हणावं, खूण दत्ताची नव्हं." हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. माझाच चढला.

पुढे मी दर रविवारी जाऊ लागलो. दिवे लावलेली मेमरी दाखवली की ते वैतागत. "दिवा काय बेरीज करतोय व्हय? साधी घ्या, पण जुळी घ्या. आनी घाई नगं, वेग एकेक पायरी चढवा." माझं मशीन त्यांच्या साध्या जोडीवर आजही पळतं आहे.

दोन वर्षांनी कंपनीत नव्या मशीनची खरेदी माझ्याकडे आली. मी मुद्दाम त्याच मालकांना ऑर्डर दिली आणि एकच अट घातली, तपासणी दुकानात, आमच्या माणसाकडून. माझा हेतू अजिबात स्वच्छ नव्हता. शनिवारी संध्याकाळी दुकान भरलेलं असताना मी अण्णांना घेऊन आत शिरलो. अण्णांच्या पिशवीत दोन्ही ड्रायर होते.

पांढरी खूण असलेल्या पट्ट्या ड्रायरखाली एकामागून एक नापास होऊ लागल्या. गिऱ्हाइकं भोवती जमली. मालकांना घाम फुटला. "दत्तू, आत चल, चहा घेऊ. आत बोलू या की."

"हितंच," अण्णा म्हणाले. "उभ्यानं."

मालक माझ्याकडे वळले. मी ऑर्डरचा कागद घडी करून खिशात घातला. तेव्हा कुठे ते पुटपुटले, "खूण मी केलती. दत्तूची नव्हं."

"सरी," अण्णा कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक. मग अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी काउंटरवरच्या सगळ्या खोट्या खुणा पुसल्या. मालक बघत उभे होते. इतका गोड तास माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. अंगणात त्यांना ठेवलं होतं, तेव्हा मालक भलामोठा हार घेऊन आले. लोकांना सांगू लागले, "दत्तू म्हणजे सोनं. माझ्या दुकानाचं नाव त्यानंच राखलं."

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मालक, ती खूण कोणाची होती?"

अण्णांच्या मुलीने मान वर केली. सगळे आमच्याकडे पाहू लागले.

"माझी," मालक खाली बघत म्हणाले.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"माझी होती!"

मग मी बाजूला झालो आणि त्यांना हार घालू दिला.