कामठीहून आणलेली तीन लाजरी डुकरं

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बी.कॉम. होऊन मी दोन वर्षं घरी बसलो होतो, आणि घरी बसलेल्या माणसाला भाषणं फार पटतात. मौद्यात एक शेतकी साहेब वराहपालनावर बोलायला आले. डुकरीण वर्षातून दोनदा विते, म्हणाले, एका वेताला आठ-दहा पिल्लं, आणि खायला कोंडा नि घरातलं उरलंसुरलं. शेवटपर्यंत ऐकणारा मी एकटाच होतो. त्यांनी दिलेलं आठ पानी पत्रक वाचत घरी पोचलो तोवर माझ्या डोक्यात दीडशे डुकरं झाली होती.

आमच्या घरी बैल, गाई, शेळ्या, सगळं. डुक्कर मात्र अंगणातून नुसतं पळालं तरी आई शेणाचा सडा टाकायची. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाल्याजवळचे दोन एकर तुले देतो. पण आपल्या हातानं सांभाळशीन. जमलं नाई, तं जमीन मोठ्याची. तो तिथं तूर पेराले केव्हाचा मांगून राह्यला."

मोठा म्हणजे माझा थोरला भाऊ. पहाटे उठायचा, शेतात राबायचा आणि माझ्याकडं बघून काही बोलायचा नाही. त्या न बोलण्याचाच मला जास्त राग यायचा. ते दोन एकर सोडले तर जगात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं, त्यामुळे मी छाती पुढं काढून हो म्हणालो.

पिल्लं मिळायची कामठीला. कुणाला जायचंच असेल तर मार्ग सांगून ठेवतो: मौद्याहून सकाळची एसटी धरून नागपूर, तिथून कामठीची बस. दोन्हीचं मिळून भाडं तेव्हा सिनेमाच्या तिकिटापेक्षा थोडं जास्त पडायचं. मी मध्ये सीताबर्डीला उतरलो, कारण मला रबरी हातमोजे घ्यायचे होते. डुकरं पाळायची, पण डुकराला हात लावायचा नाही, अशी माझी योजना होती. दुकानदारानं विचारलं, "डाक्टर आहात का?" मी नाही म्हणालो नाही. समोरच्या हॉटेलात गरम आलूबोंडा आणि रस्सा खाल्ला. रस्सा इतका तिखट की डोळे पुसत पुसतच कामठीच्या बसमध्ये चढलो.

गावाच्या टोकाला सखूबाईचं घर. तिची सारी हयात डुकरांत गेलेली. हातमोजे घातलेला, बगलेत छत्री आणि खिशात पत्रक असलेला मी दारात उभा राहिल्यावर तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"काय पायजे, साहेब?"

"एक नर, दोन माद्या," मी पत्रकातलं सांगितलं.

"हे पाह्य, पंधरा हायेत. उचलून पाह्य आन् घे."

"नको, मावशी. मी दाखवतो, तुम्ही टोपलीत टाका."

"मी म्हन्तो उचलून पाह्य. मंग म्हनशीन सखूबाईनं फसवलं."

मी ऐकलं नाही. छत्रीच्या टोकानं तीन दाखवली. एक धटिंगण, तो उघडच नर. दुसऱ्याच्या पापण्या लांब होत्या. तिसरं माझ्याकडं एकदा बघून मान वळवून कोपऱ्यात गेलं. इतकं लाजणारं जनावर मादीच असणार, यात मला शंका वाटली नाही. सखूबाईनं आणखी एकदा विचारलं, "पक्कं?" मी पक्कं म्हणालो. टोपलीवर पोतं बांधताना ती म्हणाली, "हात नाई लावत, तं पाळशीन कसा गा?" मी खिशातलं पत्रक काढून उलटसुलट पाहिलं.

टोपली घेऊन एसटीत कोणी चढू देईना. शेवटी बिडीपत्ता उतरवून भंडाऱ्याकडं रिकामा निघालेला ट्रक मिळाला. मी केबिनमध्ये, टोपली मागं. पिल्लं मौद्यापर्यंत एका सुरात किंचाळत होती. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, मांगं जाऊन जरा चुप करा न त्याईले." मी म्हणालो, "सवय होईल त्यांना." "त्याईले होईन हो, मले कशी होईन?" पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत. फाट्यावर मला उतरवताना तो इतका हसत होता की भाडं वसूल झालं असावं.

आमच्याकडं नवं जनावर दारात आलं की घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते. आई तांब्या घेऊन आली खरी, पण दहा हात लांब थांबली आणि तिथूनच पाणी फेकलं. ते सगळं माझ्यावर पडलं.

बाबांनी पोतं सोडलं. एकेक पिल्लू मागच्या पायांनी वर धरलं.

"हा नर."

"हो, तो नरच घेतला."

"हा बी नर." मग पापण्यावाली उलटी झाली. "आन् हा बी."

भाऊ ओसरीवर बसला होता. याही वेळी तो बोलला नाही.

"पाह्यलं काहून नाई गा?" बाबांनी विचारलं. मी हातमोजे पाठीमागं लपवले. "अरे, शेपूट उचलल्याबिगर आपल्या घरात कोंबडं नाई घेत कोनी. उद्या दोन माद्या आन. नाईतं परवा मोठा तिथं नांगर घालते."

मला रडू आलं. डुकरांपायी रडू येतंय याची लाज आली, म्हणून आणखी आलं.

दुसऱ्या दिवशी सायकल काढली. दोन नर टोपलीत, हातमोजे घरी. खडीचा रस्ता, पाठीवरचं ऊन आणि वाटेतल्या प्रत्येक गावची कुत्री मागं. अर्धा दिवस त्यातच गेला. सखूबाई मला बघून खाली बसून हसली. "मी वाटच पाह्यत होतो. घे आता."

डोळे मिटून पहिलं पिल्लू उचललं. ते गरम होतं, याची मला का कोण जाणे कल्पनाच नव्हती. त्याचं काळीज माझ्यापेक्षा जोरात उडत होतं. पाच पिल्लं उलटीपालटी करून दोन माद्या काढल्या. "पोटाशी धर, मंग नाई चिल्लावत," सखूबाई म्हणाली. धरली, आणि खरंच गप्प झाली. एकीनं शर्टभर मुतूनही घेतलं. "झालं," सखूबाई म्हणाली, "आता ते तुह्यं झालं."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. दोघींना टोपलीतून काढून छातीशी धरलं, आणि माझा वास माझ्या पुढं. आई तांब्या घेऊन तिथंच, दहा हातांवर थांबली. मग पदर खोचून जवळ आली, पायांवर पाणी घातलं, दोघींना कुंकू लावलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळला. डुकरं माझ्या कवेत होती, त्यामुळे मीही ओवाळला गेलो. बाबांनी दोघींना उलटं करून पाहिलं आणि "हं" म्हणाले.

परवा उजाडला. सकाळी नाल्याजवळ भावाची गाडी दिसली. वाटलं, नांगर आणला. गाडीत कुंपणाला लागणाऱ्या बोरीच्या काटेरी फांद्या होत्या.

"चांगली कुपाटी कर," तो म्हणाला. "नाईतं तुह्ये डुकरं बाजूच्या माह्या तुरीत येतीन."

दीडशे कधीच झाली नाहीत. जास्तीत जास्त एकोणीस झाली, आणि चार वर्षांनी नोकरी लागल्यावर मी ती सखूबाईलाच विकली. हातमोजे आईनं मिरच्या कुटायला घेतले. पापण्यावाला परत करताना आईच हळहळली होती, दिसायला तोच बरा होता म्हणून. दोन एकर अजून माझे आहेत. कुपाटीतून गळलेल्या बोरांपासून तिथंच बोरी उगवल्या, आणि दर हिवाळ्यात भाऊ त्यांची बोरं पिशवीभर पाठवतो. सोबत निरोप वगैरे काही नसतो.