दार लावून केलेली प्रार्थना

“आंटी, दिल एकदम बढ़िया है. ये पॅनिक अटॅक है,” देवासच्या डॉक्टरांनी लेकीच्या ईसीजीची पट्टी माझ्यापुढे धरली आणि मी तिथेच उभी राहून प्रभूची स्तुती करायला लागले. लेक म्हणाली, “आई, बस ना खाली. सगळे बघताहेत.”

लेक सतरा वर्षांची. नाव सांगत नाही, तिने लिहायची परवानगी याच अटीवर दिली आहे. त्या रविवारी चर्चमधून आल्यावर जेवता जेवता तिची छाती धडधडायला लागली, बोटं आखडली. “आई, मी मरतेय,” म्हणाली. यांनी कोपऱ्यावरून “भिया, जल्दी” करत रिक्षा आणली. म्हणून हृदय ठीक आहे हे ऐकून मला इतका आनंद झाला की पुढचं मी ऐकलंच नाही.

पुढचं असं होतं. पॅनिक अटॅक म्हणजे धोका नसताना शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा. धडधड, घाम, श्वास अडकणं. माणूस मरत नाही, पण मरतोय असं त्याला खरंच वाटतं. हे नाटक नव्हे, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा माझ्याकडे बघून.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. पाऊण तास. आईला बाहेर ठेवून आत काय चाललंय, या विचाराने माझा जीव खालीवर होत होता.

आत काय निघालं ते नंतर कळलं. लेक चर्चच्या गायनमंडळात गाते. तिची गाणी रील करून टाकायला मीच सांगितलं होतं. देवाची गाणी आहेत, त्यात काय बिघडणार? तर खाली कोणीतरी तिच्या दातांवरून वेडंवाकडं लिहिलं, मग वर्गातल्या मुलींनी त्यावर हसून लिहिलं. ती एकेक गाणं वीसवीसदा रेकॉर्ड करायची, ओठ मिटून गायला बघायची. मला वाटायचं, पोरगी किती मन लावून सेवा करतेय.

याला अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे काळजीचा आजार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सब कुछ फोन से नहीं हुआ. लेकिन फोन ने इसे चैन से बैठने भी नहीं दिया.” आणि गोळ्या लिहून दिल्या.

आणि त्या पाऊण तासात, बाहेरच्या बाकावर बसून, मी काय केलं? चर्चच्या बायकांच्या ग्रुपवर प्रार्थना विनंती टाकली. आमच्यात पथरीच्या ऑपरेशनपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत सगळ्याला टाकतात. मी लेकीचं नाव लिहिलं, मानसोपचार लिहिलं, वर नाताळातला फोटो लावला. भराभर जोडलेले हात आले. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी धारहून नणंदेचा फोन. मी पोळ्या लाटत होते, म्हणून स्पीकर लावला. “वहिनी, तुमचा मेसेज फिरत फिरत फोटोसकट इथे आला. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणे?”

लेक समोरच ताटं मांडत होती. ती एवढंच म्हणाली, “फोटोपण टाकलास?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला परत अटॅक आला. त्यानंतर तिने डॉक्टरीणबाईंकडे यायला साफ नकार दिला. “मी आत बोलेन ते तू बाहेर बसून टाकशील.” उपचारच थांबले, तेही माझ्यामुळे.

मी तडक चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभी राहून माफी मागते. ते चष्मा काढून म्हणाले, “परत सगळ्यांसमोर? बाई, प्रभूने दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय. आणि ज्या आजाऱ्याला तो बरं करायचा त्यालाही सांगायचा, कुणाला बोलू नकोस. घरी जा, तिच्याकडे मागा. आणि गोळ्या चालू ठेवा, त्यात अविश्वास नाही.”

मी घरी आले, ओट्यापाशी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “फोन दे.” मी दिला. तिने मला त्या ग्रुपमधून बाहेर काढलं आणि फोन परत दिला. चार दिवसांनी स्वतःच म्हणाली, “डॉक्टरकडे जाऊ. तू फोन घरी ठेव.”

आयांनो, लगेच चमत्काराची वाट बघू नका. गोळ्यांनी आधी झोप झोप झाली, मग हळूहळू भूक आली. श्वास मोजायचा व्यायाम आम्ही दोघी करायचो. मी आकडे चुकायचे, ती हसायची. रीलचं खातं तिने आपणहून बंद केलं. मी एक शब्द बोलले नव्हते, खरंच. आणि परवाच्या रविवारी ती गायनमंडळात परत उभी राहिली, तोंड भरून गायली, सगळे दात दिसत होते. माझा हात पर्समधल्या फोनकडे गेलाच. मी पर्सवर बसले.

काल ती स्वयंपाकघरात आली, आतून कडी लावली आणि शेजारी बसली. “आई, सोमवारी पेपर आहे. छातीत जरा धडधडतंय. माझ्यासाठी प्रार्थना कर. इथेच. हळू.”

मी सुरुवात केली. आनंदाने आवाज चढला माझा, काय करू. तिने चिमटा काढला. मी आवाज खाली आणला, इतका की तिलाच ऐकू जावा, आणि आमेन ती माझ्याआधी म्हणाली.