पहिला तांब्या

महिपतमामाशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. फुटतं ते आपलंच.

दिवा गावात त्याची भातशेती होती, मिठागर होतं. आता एक चाळ आहे, मागच्या जागेत भाड्याने दिलेली फॅक्टरी आहे आणि मधे बाव, म्हणजे आमची जुनी विहीर. नळाला पाणी आलं तर आलं. एरवी मामाचं घर आणि अख्खी चाळ या बावेवरच. फॅक्टरीत करवंट्या आणि लाकडाचा भुसा ॲसिडमध्ये भिजवून जाळतात, मग धुतात आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये भरायचा कोळसा बनवतात. धुरानं दोरीवरचे कपडे काळे होतात, पोरं खोकतात. धुतल्याचं पाणी ज्या नाल्यात सोडतात तिथे आता बेडूकसुद्धा नाही. शेवंतीमामी कितीदा म्हणाली, "घालवा त्यांना." मामा छाती फुगवून म्हणायचा, "अगो, माझ्या जागेतल्या कोलशानं मुंबय साफ पानी पिते!"

त्याच्या मुलीच्या, प्राचीच्या हळदीला मी कोपरहून आदल्या दिवशीच गेलेले. आमच्यात नवरीच्या आंघोळीचं पाणी घरच्या बावेचंच लागतं. त्याआधी बावेत कोळसा-चुना टाकून पाणी निवळायचं आणि पहाटे पहिला तांब्या घरच्या कर्त्याने प्यायचा. एप्रिल महिना, बावेत जेमतेम कंबरभर पाणी, तेही हिरवं. मामाचा जीव थाऱ्यावर नव्हता. "व्याही काय म्हंतील? पोरीला गढूल पान्यानं न्हानू?" मी म्हटलं, टँकर मागव. तर माझ्यावरच खेकसला.

हळदीच्या सकाळी लग्नाची गाणी म्हणणारी कांताआजी पुढे आणि कळशा घेऊन आम्ही मागे, असे बावेवर गेलो. काठ ओला होता. मामा तिथेच पोट धरून बसलेला.

"काय झालं रे मामा?"

"काय नाय. रातचं मटन बाधलं."

पाणी मात्र चांगलं निवळलेलं दिसत होतं. मी कळशी सोडणार, इतक्यात फॅक्टरीचा सुपरवायझर देवेश धावत आला. "काका, कोपऱ्यातल्या दोन गोणी कोणी उचलल्या? तो माल धुतलेला नव्हता! ॲसिड आहे त्यात!"

गाणं थांबलं. मामाने माझ्या हातातली कळशी हिसकून घेतली.

"मीच वतल्या बावेत," तो म्हणाला. "मना वाटला, कोलसा तो कोलसा." आणि तिथेच वाकून ओकला. पहाटे पहिला तांब्या त्याने रितीप्रमाणे घटाघटा प्यायलेला. घसा जळत होता, पोटात आग पडलेली, आणि हा शहाणा मटणाला दोष देत बसलेला!

शिव्या घालाव्या की रडावं, मला कळेना. देवेशने रिक्षा आणली. मामी मामाला धरून आत बसली. प्राची पिवळ्या साडीत अनवाणी बाहेर आली आणि "पप्पा, पप्पा" करत रिक्षाला धरून उभी राहिली. मामाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"निशा, चालीवाल्यांनी पानी भरलं का गो सकालचं?"

अगं बाई! तो ओला काठ!

मी चाळीकडे धावले. "पाणी पिऊ नका, ओता ते!" घसा फोडून ओरडत होते. दिसेल तो हंडा पालथा केला, एकीच्या शेगडीवरचं चहाचं पातेलं मोरीत ओतलं. बायकांना आधी वाटलं, मला वेड लागलंय. मग त्याही धावल्या. देवाची कृपा, अजून कोणी घोटही घेतला नव्हता.

शेवटच्या खोलीला कुलूप होतं.

"ऋतिकाची आई का?" शेजारीण म्हणाली. "ती गेली पोरीला शाळेत सोडायला. बावेवरनं पाणी आणलं, पोरीची बाटली भरली आणि निघाली."

"कुठली शाळा?" मी विचारलं, आणि तिने हात केला त्या दिशेला धावत सुटले.